सगळ्यांना उघडेल असा नकाशा

चंपाषष्ठी होईपर्यंत आमच्या घरात वांगं शिजत नाही. शेतात मात्र वांगीच वांगी. रामनगरचं वांगं म्हणजे दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं, आणि आम्ही मेले दक्षिणी ते लावणार, खुरपणार, तोडणार, टोपल्या भरून बाजारात पोचवणार, पण जिभेला लावणार नाही. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग खायचं. गावातल्या बायका माझी टर उडवतात. "का हो दक्खिनी चाची, बैगन से डर लागेला?" मी म्हणते, देवाच्या आधी खाऊ का गं?

यंदाही चंपाषष्ठीला मी आणि आमचे हे, म्हणजे शरदराव, पहाटेच निघालो. धुकं इतकं की पुलावरून गंगा दिसत नव्हती. पहिल्या तोडीतली निवडक वांगी पिशवीत घालून काशीत संकठा घाटावर माझ्या भावाकडे गेलो. तळी भरली, भंडारा उधळला, दोन वेळा मागून घेऊन भरीत खाल्लं. दिवस मावळताना रामनगरच्या पलीकडे आमच्या गावी परत आलो, तर बांधावर सीता उभी.

सीता आमची शेजारीण. निषादांची, म्हणजे नावाड्यांच्या घरची, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आमच्या वरच्या तुकड्याला लागून तिचा तुकडा, त्यात नवऱ्यानं लावलेली पेरूची झाडं. शालीचं टोक दातात धरून ती म्हणाली, "चाची, कहाँ रहलू? आज चकबंदीवाला साहब आइल रहल. चाचा के नाम बेर-बेर पुकरलस."

चकबंदी म्हणजे काय, तर गावातल्या सगळ्यांच्या विखुरलेल्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या आणि ज्याला-त्याला एका जागी सलग तुकडा, म्हणजे चक, वाटून द्यायचा. आज शाळेत त्याचीच खुली बैठक झाली. दवंडी आदल्या दिवशी पिटली होती, नाही असं नाही. मी ह्यांना म्हटलंही होतं की यंदा देवाला घरीच नैवेद्य दाखवू. हे म्हणाले, "खंडोबाला तारीख बदलून मिळत नाही. आणि साहेब कुठं एका दिवसात नकाशा ठरवतात?"

ठरवला की एका दिवसात! नकाशा खाटेवर पसरला, लोकांनी लांबून मान हलवली, साहेबांनी सही केली, गुंडाळला आणि जीपमधून घेऊन गेले. आता पंधरवड्यात ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी.

"आमचं काय झालं?" मी विचारलं.

सीता खाली बघत म्हणाली, "लोग कहत हौ कि दक्खिनी के सब नीचे चल गइल."

नीचे म्हणजे नदीकडचं. आमचे दोन तुकडे. एक वर, गावाजवळ, तिथं बोअर आहे आणि वांगी आहेत. दुसरा खाली, दर पावसाळ्यात गंगामाई ज्याच्यावर येऊन बसते तो. भादव्यात पाणी चढतं, कुजकं शेवाळ आणि चिखल ठेवून जातं, आणि मग आम्ही फावडी घेऊन दिवाळीपर्यंत तो चिखल ओढतो. मागल्या मोठ्या पुरात पाण्याचं इंजिन खालीच अडकलं होतं. हे एकटेच उचलायला गेले आणि तिथंच कंबरेतून मोडले. सीतेनं तिची डोंगी, म्हणजे छोटी होडी, आणून, छातीइतक्या पाण्यात उभं राहून, आधी ह्यांना आणि मग इंजिनाला बाहेर काढलं. तेव्हापासून ह्यांची पाठ सरळ होत नाही. चालताना जमिनीवर काही हरवलेलं शोधत असल्यासारखे दिसतात. तेव्हापासून एकच म्हणणं, मरायच्या आधी एकदा सगळी जमीन वर मिळू दे. आता सगळी खाली गेली म्हटल्यावर हे ओट्यावर बसले ते उठेचनात. चहा दिला तो तसाच गार झाला.

"असे बसून काय होणार आहे?" मी म्हटलं.

"उभं राहून तरी काय होणार?"

"मी बघते ना! लोक म्हणतात म्हणजे काय? लोक काय वाट्टेल ते म्हणतात. मी आधी डोळ्यांनी नकाशा बघणार."

दुसऱ्या दिवशी वांगी तोडून, टोपली बाजारात टाकून मी चकबंदीच्या ऑफिसात गेले. बडे बाबूंनी, म्हणजे तिथल्या हेडक्लार्कनं, मफलरातून तोंड बाहेर काढलं. "नक्शा ऊपर चला गया माताजी. फ़ाइल वेबसाइट पर चढ़ा दी है. घर बैठे देखिए. डिजिटल ज़माना है."

बरं बाबा. घर बैठे तर घर बैठे. फोनवर फाइल उतरवली, बोट दाबलं. 'यह फ़ाइल खोली नहीं जा सकती.' पुन्हा दाबलं. तेच. शेजारच्या मुलाचा मोठा फोन घेतला, त्यावरही तेच. रामनगरच्या चौकातल्या सायबर दुकानात गेले. दुकानदारानं मान तिरकी करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, ही फाइल नकाशा बनवणाऱ्या ठेकेदार कंपनीच्या प्रोग्रॅममध्येच उघडते, तो प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो, आणि अख्ख्या रामनगरात तो कुणाकडे असेल असं वाटत नाही.

"म्हणजे नकाशा आहे, पण बघायचा नाही?"

"है, लेकिन नहीं है," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाचं आधार कार्ड छापायला लागला.

मी तिथूनच कस्तुरीला फोन लावला. कस्तुरी माझ्या भावाची मुलगी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरचं बघते. तिला फाइल पाठवली. तासाभरानं तिचा फोन आला.

"आत्या, माझ्याकडेही नाही उघडत. कुलूप वगैरे काही नाहीये, पण फाइल लिहायची रीतच त्या कंपनीनं आपल्यापुरती ठेवलीय. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला ती समजतच नाही."

"अगं, पण कागद सरकारचा ना?"

"तेच तर! सरकारचंच धोरण आहे, बरीच वर्षं झाली. सरकारी फाइल खुल्या मानकात हवी. म्हणजे ती लिहायची रीत सगळ्यांना माहीत हवी, कुणालाही कुठल्याही यंत्रावर, काही विकत न घेता उघडता यायला हवी. आता तर जिल्ह्यातूनही सगळ्या ऑफिसांना तसा हुकूम गेलाय. थांब, मी पाठवते तुला."

"हुकूम आहे तर मग ह्यांनी अशी का चढवली?"

"किसीने पूछा नहीं होगा, आत्या."

मला सरळ कळलं. घाट सरकारी, पण पायऱ्या एकाच्या घरातून उतरतात, असा हा प्रकार. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, बरं, विचारणारी आता भेटली ह्यांना.

त्या दिवसापासून माझा रोजचा रस्ता ठरला. पहाटे अंधारात वांग्याला पाणी सोडायचं, कारण पाला पडायची, म्हणजे दंव गोठून पीक जळायची भीती. पाणी दिलं की रोपं तगतात. बोटं इतकी बधिर व्हायची की विळा हातात आहे की नाही ते बघावं लागायचं. मग तोड. वांग्याच्या देठाला काटे असतात, ते थंडीत जास्त लागतात. मग टोपली डोक्यावर आणि ऑफिस. सीता पहिल्या दिवसापासून बरोबर. तिला बैठकीत मागच्या ओळीत बसवलं होतं. नकाशा तिलाही दिसला नव्हता. विचारलं तर प्रधान, म्हणजे इथला सरपंच, म्हणाला, "तोहार ठीक बा." ठीक म्हणजे कुठं, ते नाही सांगितलं मेल्यानं.

बडे बाबू मला बघितलं की फायली वर-खाली करायला लागायचे. "माताजी, टोकरी बाहर. ये दफ़्तर है, सब्ज़ी मंडी नहीं."

टोपली बाहेर ठेवली. आत उभी राहिले तोवर एक सांड आला आणि वरची चांगली वांगी खाऊन गेला. ऑफिसातले सगळे खिडकीशी येऊन खो-खो हसले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. सीतेनं पदरानं उरलेली वांगी पुसली, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकून दारात उभी राहिली. म्हणाली, "टोकरी बाहर हौ, बाबू. हम भीतर हईं." बाबू पुन्हा फायली वर-खाली करायला लागले.

साहेब तरुण होते, वागायला वाईट नव्हते. मी कस्तुरीनं पाठवलेला हुकूम त्यांना फोनवर दाखवला. त्यांनी वाचला. म्हणाले, "हाँ, आया था. पर फ़ाइल तो ठेकेदार ने दी है, हमने वैसी ही चढ़ा दी."

"साहेब, तुमच्याकडे उघडते का?"

"बिलकुल."

"तर मग उघडून दाखवा ना आम्हाला."

त्यांनी खुर्ची ओढली, माउस हलवला. स्क्रीनवर एक पाटी आली. साहेबांनी ती बंद केली, पुन्हा आली. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण मागं उभ्या कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "लाइसेंस समाप्त. कृपया खरीदें." साहेबांचे कान लाल झाले. बडे बाबू मफलरात शिरले. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला दिसत नाही, आम्हाला दिसत नाही. मग हरकत कशावर घ्यायची? हवेवर?"

"मैं ठेकेदार से बात करता हूँ," साहेब म्हणाले.

"बात नको. लिहा."

"लिख दूँगा."

"आत्ता लिहा. मी बसते." आणि मी तिथंच फरशीवर बसले. सीता बसली. फरशी बर्फासारखी गार होती, गुडघे नुसते ठणकायला लागले. पण बसलो.

साहेबांनी लिहिलं. पण पत्र गेलं म्हणजे फाइल आली असं थोडंच असतं! कंपनीचा माणूस फोन उचलेना. रोज जायचं, रोज विचारायचं. पंधरवडा सरत आला. हे घरी माझ्याकडे बघतही नव्हते. म्हणाले, "सगळा गाव हसतोय. दक्खिनी पंडिताची बायको कचेरीत ठाण मांडून बसते म्हणे."

"हसू दे. हसणाऱ्याला तरी कुठं माहीत आहे त्याचं शेत कुठं गेलं?"

आणि ते खरंच होतं. मी पाण्याच्या टाकीवर, गिरणीत, जिथं भेटेल तिथं एकेकाला विचारायला लागले, "तुमचा चक कुठं आला?" सगळे पटकन सांगायचे, उत्तरेला, रस्त्याच्या कडेला. मग मी विचारायची, "रस्त्याच्या कुठल्या कडेला? शेजारी कोण?" की झालं, गप्प! लांबून मान हलवलेली सगळ्यांनी. हळूहळू दोघं-चौघं, मग बायका, माझ्याबरोबर यायला लागल्या. ऑफिसच्या व्हरांड्यात शेकोटी पेटायला लागली.

त्यातच एक दिवस ऑफिसातला ऑपरेटर, अनिमेष, चहाच्या टपरीमागं मला गाठून हळूच म्हणाला, "चाची, घर वाले लैपटॉप में पुराना प्रोग्राम पड़ा है. खुल जाता है. आपका चक देखकर बता दूँगा. बस किसी से कहिएगा मत."

माझा जीव किती टांगणीला लागला होता ते माझं मला माहीत. एका शब्दाचं काम होतं. हे घरी ओट्यावर बसलेले दिसले मला. तोंडात हो आलं होतं. तेवढ्यात सीता नळावर बाटली भरताना दिसली.

"हिचंही बघशील?" मी विचारलं.

"सबका थोड़े न होगा, चाची. आप बार-बार आती हैं, इसलिए."

"तर मग मला एकटीला नको," मी म्हटलं. "सगळ्यांना उघडेल तेव्हाच मी बघेन." आणि हळू बोलणं मला जमत नाही, त्यामुळे टपरीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. अनिमेष चहा टाकून पळाला.

दुसऱ्या दिवशी निम्मा गाव ऑफिसात. साहेबांनी जिल्ह्याला फोन लावला, बराच वेळ बोलले, मग बाहेर येऊन सांगितलं की फाइल खुल्या मानकात येईपर्यंत मुदत धरली जाणार नाही. ज्या दिवशी कुठल्याही फोनवर उघडेल त्या दिवसापासून नवा पंधरवडा. तसं लिहून भिंतीला चिकटवलं. मी त्यांना म्हटलं, "साहेब, औक्षवंत व्हा." ते पहिल्यांदाच हसले.

फाइल आली तेव्हा मकरसंक्रांत होऊन गेली होती. साहेबांनी शाळेच्या त्याच वर्गात सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर पांढरी चादर लावली. पण चादरीकडं फारसं कुणी बघितलंच नाही. ज्याच्या-त्याच्या फोनवर नकाशा उघडला. बोटांनी मोठा होत होता, गट नंबर दाबला की नाव येत होतं. वर्गात एकच कल्ला. एकाच्या शेतातून रस्ता गेला होता, एकाला तळं मिळालं होतं. जो तो प्रधानाला जाब विचारत होता, त्याला घाम फुटला होता, आणि हे सगळं भर थंडीत.

मी चष्मा लावला. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. नंबर दाबला. शरद. एकच सलग चक. बोअर त्यात. आणि तो चक वर होता. सगळा वर! खाली एक वीतही नाही.

"अगं, वर आहे," हे म्हणाले. "अन्नपूर्णा, सगळं वर आहे गं." आणि हा माणूस चारचौघांत रडायला लागला. लग्नानंतर मी ह्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. मलाही हुंदका आला. मी मनात म्हटलं, खंडोबा, पावलास रे बाबा.

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. सीता. तिच्याकडे साधा, बटणांचा फोन. ती म्हणाली, "चाची, हमार कहाँ बा?"

मी चादरीजवळ गेले. तिचा जुना तुकडा, पेरूची झाडं, सगळं आमच्या चकात आलं होतं. म्हणूनच आमचं सलग झालं होतं. मग मी तिचं नाव शोधलं. ते खाली होतं. आमचा जुना खालचा तुकडा आणि त्याच्याही पलीकडचा, नदीला टेकलेला, तो सीतेचा.

ती माझ्या बोटाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही. मी बोट कुठंही ठेवलं असतं तरी तिनं मानलं असतं. मागं हे अजून डोळे पुसत होते. मी बोट नदीवर ठेवलं.

"इहाँ बा," मी म्हटलं.

ती "ई त पानी में हौ," एवढंच म्हणाली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सोडायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "सीता हरकत घेणार आहे. आपण तिच्या बाजूनं लिहून द्यायचं."

ह्यांच्या हातातलं फावडं थांबलं. "आपण? कुणाविरुद्ध? आपल्याच विरुद्ध?"

"हो."

"मी मागितलं होतं? कुणाचे पाय धरले मी? सरकारनं दिलं."

"सरकारनं दिलं, पण आहे ते तिचं. झाडं तिच्या नवऱ्यानं लावली."

"तिला जमीन मिळालीच आहे ना!"

"पाण्याखाली."

"मग आपण इतकी वर्षं कुठं होतो गं? पाण्याखालीच होतो ना?" ह्यांनी फावडं फेकलं, स्वेटर आणि बंडी वर ओढून पाठ माझ्याकडं केली. मणक्याशी हाड बाहेर आलेलं, त्याच्या दोन्ही बाजूला कंबरेला बांधायच्या पट्ट्यानं काळे पडलेले वळ. "बघ. बघ ही. अजून किती चिखल ओढायचा हिनं? तूच म्हणालीस, सगळ्यांना उघडू दे. उघडलं ना? मिळालं ना आपल्याला? मग आता गप्प बसायला काय घेशील?"

ती पाठ मीच रोज तेलानं चोळते. मी बंडी खाली ओढली आणि म्हटलं, "अनिमेषनं मला एकटीला दाखवलं असतं तर कदाचित गप्प बसले असते. आता तिनं माझ्या बोटाकडं बघितलंय. मला नाही जमणार हो."

हे वाफ्याच्या कडेला बसून राहिले. पाणी भलत्या सरीत गेलं, तरी उठले नाहीत.

त्यानंतर आमचं बोलणं भाजीत मीठ आहे का, एवढ्यावर आलं. मी सीतेची हरकत कस्तुरीकडून लिहवून घेतली. शेवटच्या दिवशी टोपली घेऊन निघाले तेव्हा हे अंगणात नव्हते. मीही हाका मारल्या नाहीत. राग होता, आणि वाईटही वाटत होतं. ह्यांचं चुकत होतं असं काही मला म्हणता येत नव्हतं.

साहेबांनी सीतेचा अर्ज वाचला, अंगठा घेतला, नकाशा उघडला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये ज़मीन तो आपके चक में आई है. आप तो फ़ायदे में हैं."

"म्हणूनच आलेय. मी लिहून देते, तिची तिला द्या."

"खाता किसके नाम है?"

"ह्यांच्या. माझ्या मालकांच्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तो आपके लिखने से कुछ नहीं होगा, माताजी. खातेदार मान जाए तो आज यहीं बदल दूँ. नहीं तो मुकदमा चलेगा, तारीख पर तारीख. तब तक कब्ज़ा नक्शे के हिसाब से."

म्हणजे येत्या पुरात सीता खाली. बडे बाबू घड्याळाकडं बघायला लागले. सीता माझा हात धरून म्हणाली, "चलीं चाची. तू आपन करनी कइलू." तुझ्याकडून होतं ते तू केलंस, असं तिचं म्हणणं. मी हलले नाही. कशाची वाट बघत होते ते मलाही ठाऊक नव्हतं, पण हलले नाही. बसायची सवय झाली होती त्या फरशीवर.

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. ब्रेक नसलेली आमची सायकल, तिचा आवाज मी झोपेतही ओळखते. हे आत आले. वाकलेले, धापा टाकत, आणि पोटरीपर्यंत काळा चिखल. तसला चिखल आमच्याकडं एकाच ठिकाणी असतो. हा माणूस सकाळी खालच्या शेतात जाऊन आला होता.

"पंडितजी, पैर!" बडे बाबू ओरडले. "फ़र्श गंदा हो रहा है!"

ह्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. साहेबांसमोर टेबलाला धरून उभे राहिले. "कहाँ दस्तख़त करना है?"

साहेबांनी चष्मा काढला. "समझ रहे हैं न? ऊपर का आधा छूट जाएगा. नीचे वाला फिर आपके सिर."

"समझ रहा हूँ."

"कारण क्या लिखूँ?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, सीतेकडंही नाही. "लिखिए कि नीचे वाला खेत हमारा है," ते म्हणाले. "उसका पानी हमको मालूम है. इसको नहीं मालूम."

साहेबांनी लिहिलं. ह्यांनी सही केली, मोठी, रेघेबाहेर जाणारी. साहेबांनी आमच्यासमोर नकाशात रेघ फिरवली आणि म्हणाले, फोनवर बघून घ्या. मी बघितलं. पेरूच्या झाडांवर सीतेचं नाव आलं होतं. मी तिचं बोट धरून तिथं टेकवलं. तिनं ते पटकन काढून घेतलं आणि तोंडाला पदर लावला.

बाहेर आलो. ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. हे सायकलच्या दांड्यावर हात ठेवून कंबर सैल करत होते. मला म्हणाले, "आज संध्याकाळी तेल जरा जास्त गरम कर."

"करते," मी म्हटलं.

मग हे सीतेकडं वळले. "का हो सीता, बाढ़ में इंजन निकालने आओगी न?"

सीतेनं पदर तोंडावरून काढला, माझी टोपली उचलून डोक्यावर घेतली. "हम कब ना आइल हईं, चाचा?" म्हणाली, आणि आमच्या पुढं बाजाराकडं चालायला लागली, कारण वांगी अजून विकायची होती.